सर्वांत वेगवान मिरर

१ जुलै २०२४ ला ओपनएसएसएच या, सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रॅममधली सीव्हीई-२०२४-६३८७ ही सुरक्षा त्रुटी जाहीर झाली. लॉगिन न करता, दुरून, थेट रूटचा, म्हणजे अख्ख्या मशीनचा ताबा मिळू शकेल अशी. २००६ मध्ये बुजवलेलं भगदाड नंतरच्या एका बदलामुळे पुन्हा उघडं पडलं होतं. डेबियन या लिनक्स प्रणालीने त्याच दिवशी दुरुस्त पॅकेज सोडलं. अशा दिवशी आमचं काम ठरलेलं असतं: मूळ सर्व्हरवरून प्रादेशिक मिरर, म्हणजे त्याची हुबेहूब प्रत ठेवणारे सर्व्हर, पॅकेज ओढून घेतात, मशीन आपापल्या जवळच्या मिररकडून घेतात आणि आम्ही ‘अद्ययावत मशीन’चा आकडा चढताना बघतो. त्या सोमवारी एक प्रदेश सगळ्यांच्या आधी शंभर टक्क्यांवर होता. टीमच्या ग्रुपवर अंगठेही पडले.

संध्याकाळी त्याच प्रदेशातल्या एका ॲडमिनची तक्रार आली. पॅकेजची आवृत्ती शेवटी ‘डेब१२यू३’ अशी हवी, त्याच्याकडे ‘यू२’ दिसत होती. मदतकक्षाने त्याला अपडेटची आज्ञा पुन्हा चालवायला सांगितली. त्याने चालवली. पुन्हा तेच उत्तर गेलं. मग त्याने डेबियनच्या सुरक्षा सूचनेतली आवृत्ती आणि स्वतःच्या स्क्रीनवरचा पूर्ण मजकूर एकाखाली एक चिकटवून पाठवला. शेवटची ओळ होती: सर्व पॅकेज अद्ययावत आहेत. आमच्या कुठल्याही यंत्रणेला जे दिसलं नाही, ते या माणसाने दोन ओळी डोळ्यांनी ताडून पकडलं. त्याच्यामुळेच प्रकरण माझ्यापर्यंत पोचलं.

मिरर उभे करण्यामागचं कारण अगदी खरं आहे आणि त्या कामाचा मला आजही अभिमान आहे. लोकांना वाटतं की लांबून डाउनलोड हळू होतं ते लाइन बारीक असते म्हणून. बहुतेक वेळा लाइन रिकामीच असते. वेळ जातो तो वाट बघण्यात. इंटरनेटवर माहिती पोचवणारा टीसीपी हा नियम सुरुवातीला माहितीची १० पाकिटं पाठवतो, म्हणजे साधारण १४ केबी, आणि पोच आली की पुढच्या फेरीत दुप्पट. एक एमबीची फाइल या हिशेबाने सातेक फेऱ्या घेते. जाण्यायेण्याला २५० मिलीसेकंद लागत असतील तर पावणेदोन सेकंद; १० मिलीसेकंदांवर मिरर असेल तर एक दशांश सेकंदसुद्धा नाही. वाटेत एखादं पाकीट गळालं की लांबच्या जोडणीला वेग परत मिळवायला तितकाच जास्त वेळ लागतो. प्रकाशाचा काचेतला वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर, तो काही आपल्याला वाढवता येत नाही. अंतर कमी करणं एवढंच हातात उरतं.

तर मी त्या मिररवर लॉगिन केलं. डेबियनच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक मिरर सिंक, म्हणजे मूळ सर्व्हरशी जुळवणी, पूर्ण झाल्यावर एका ट्रेस फाइलमध्ये वेळ नोंदवतो. त्यातली शेवटची नोंद शनिवार पहाटेची होती. प्रोसेसची यादी काढली, तर शनिवारचंच आरसिंक (ही जुळवणी करणारा प्रोग्रॅम) अजून ‘चालू’. मूळ सर्व्हरशी असलेली जोडणी मधल्या कुठल्यातरी फायरवॉलने मुकाट्याने टाकून दिली होती आणि आरसिंक पलीकडून पुढचा बाइट येईल म्हणून थांबून राहिलं होतं. आरसिंकला टायमआउट दिला नाही तर तो शून्य असतो, म्हणजे अनंतकाळ थांबायची तयारी. त्यात ही स्क्रिप्ट कधीकाळी एका कंत्राटदाराने लिहिलेली. आधीच्या फेरीने ठेवलेलं लॉक सापडलं की ‘आधीचं काम चालू आहे’ असं मानून ती शून्य, म्हणजे ‘यशस्वी’ असा कोड देत बाहेर पडायची. ठरल्या वेळी ती चालवणाऱ्या क्रॉनच्या दृष्टीने प्रत्येक फेरी यशस्वी! अपयशाला यशाचा कोड देणारी स्क्रिप्ट मी कुणालाही माफ करू शकत नाही.

तरी हे नेहमीचं दुखणं म्हणता येईल. मला त्याहून जास्त छळतंय ते पुढचं. कुठल्या मशीनने कुठल्या मिररकडे जायचं, हे आमची यंत्रणा ठराविक वेळाने एक छोटी फाइल मागून आणि प्रतिसादाचा वेळ मोजून ठरवते. सिंक बंद पडल्यामुळे या मिररच्या डिस्कवर लिहिण्याचा भार नव्हता, मागितल्या जाणाऱ्या फाइली मेमरीतच बसल्या होत्या. तो आधीपेक्षा चपळ झाला. म्हणून क्रमवारीत वर चढला, म्हणून शेजारच्या प्रदेशातली मशीनही त्याच्याकडे वळू लागली. जो जास्त शिळा, तोच जास्त पसंतीचा. मशीन विचारणार, मिरर पॅकेजची जुनी यादी देणार, मशीन ‘नवीन काही नाही’ म्हणणार आणि आमचा फलक ते शंभर टक्के म्हणून रंगवणार. यादीवरची डिजिटल सही खरी, चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे हे तपासायचा आकडा) बरोबर. वैधतेची मुदत डेबियनच्या सुरक्षा यादीवर असते, पण ती आठवड्याभराची. दोन दिवसांचा शिळेपणा तिच्यातून सहज निसटतो.

अडकलेली प्रोसेस मारली, टायमआउट घातला, सिंक चालवलं. मिरर लगेच ताळ्यावर आला. मशीन मात्र आली नाहीत. डेबियनमध्ये ॲप्टचा, म्हणजे पॅकेज आणणाऱ्या प्रोग्रॅमचा, रोजचा टायमर सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ ला ठरलेला असतो आणि त्यात १२ तासांपर्यंतचा यादृच्छिक उशीर मिसळलेला असतो, सगळ्यांनी एकदम सर्व्हरवर तुटून पडू नये म्हणून. योजना उत्तम आहे. पण त्या दिवशी ज्या मशीनने नुकतंच विचारून झालं होतं, ती पुढच्या पाळीपर्यंत निवांत होती. आमच्या हातात ज्यांची सूत्रं होती त्यांना आम्ही ढकललं, बाकीच्यांच्या ॲडमिनना रात्री उशिरापर्यंत एकेक करून कळवत राहिलो.

आता क्रमवारीत आधी ट्रेस फाइलचं वय बघतात, मग वेग. ट्रेस फाइलवर अलार्म लावायचं काम आमच्या कामांच्या यादीत आधीपासून होतं, पण वेगाचे आलेख वरिष्ठांना दाखवायला छान दिसतात, ताजेपणाचा आलेख कुणी मागत नाही, म्हणून दर तिमाहीत ते खाली सरकायचं. सुरक्षा अपडेटचे मिरर वापरायला प्रोत्साहन देऊ नये, ते मागे राहिले तर त्रास होतो, असं डेबियनवाले त्यांच्या प्रश्नोत्तरांत स्वच्छ सांगतात. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या मेटालिंकमध्ये, म्हणजे मिररचे पत्ते देणाऱ्या फाइलमध्ये, ताज्या यादीचा चेकसम केंद्राकडूनच येतो, त्यामुळे शिळा मिरर आपोआप गळतो. त्याच धर्तीवर माझं म्हणणं आहे की यादी नेहमी मूळ सर्व्हरवरून घ्यावी, पॅकेज जवळच्या मिररवरून. पॅकेजच्या नावातच आवृत्ती असते. मिररकडे ते नसेल तर तो ‘नाही’ म्हणेल आणि मशीनला मूळ सर्व्हरकडे वळवता येईल. खोटं समाधान देता येणार नाही. विरोध असा की प्रत्येक तपासणीला सेकंद-दीड सेकंद वाढेल आणि आमचा सरासरी वेग कागदावर घसरेल. घसरू दे. अपडेट किती वेगाने पोचलं हे मोजायचं तर घड्याळ पॅकेज प्रसिद्ध झाल्यापासून सुरू व्हायला हवं, डाउनलोड सुरू झाल्यापासून नव्हे.

हा प्रस्ताव अजून चर्चेतच आहे. आणि त्या महिन्याच्या अहवालात १ जुलैसमोर त्या प्रदेशाची नोंद अजूनही ‘१०० टक्के अद्ययावत’ अशीच आहे. ती बदलून द्या, निदान खाली टीप टाका, असं मी लेखी मागितलं आहे. उत्तर आलेलं नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा मागणार आहे.