सरासरी वाढली, पण कुणाची?

एखाद्या मागास प्रदेशाला विकासनिधी मिळाला आणि काही वर्षांनी तिथले दरडोई उत्पन्न वाढलेले दिसले, की निधी सत्कारणी लागला असे सर्रास मानले जाते. मला हा निष्कर्ष फार घाईचा वाटतो. निधी मिळाला नसता तर काय झाले असते, आणि तेव्हा तिथे राहणारी माणसे आज कुठे आहेत, हे दोन्ही प्रश्न त्यात तसेच राहून जातात.

पहिल्या प्रश्नावर संशोधकांनी चांगली वाट काढली आहे. युरोपीय संघात दरडोई उत्पादन संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असलेले प्रदेश सर्वाधिक मदतीला पात्र ठरत. या रेषेच्या किंचित खाली आणि किंचित वर असलेले प्रदेश एरवी जवळपास सारखेच असल्याने त्यांची तुलना न्याय्य ठरते. बेकर, एगर आणि फॉन एरलिख यांनी २०१० मध्ये दाखवले, की मदतीमुळे दरडोई उत्पादनवाढीचा वार्षिक दर सुमारे १.६ टक्केबिंदूंनी वाढला, पण रोजगारात ठळक फरक पडला नाही.

नवोन्मेषासाठीच्या अनुदानांनाही हीच युक्ती लागू पडते. इटलीतील एमिलिया-रोमान्या प्रदेशात तज्ज्ञांची समिती कंपन्यांच्या संशोधन-प्रस्तावांना १०० पैकी गुण देई आणि ७५ किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांनाच पैसे मिळत. ७४ आणि ७६ गुणांच्या प्रस्तावांत गुणवत्तेचे अंतर ते किती असणार! ब्रोन्झिनी आणि याकिनी यांच्या अभ्यासात सर्व कंपन्या एकत्र धरल्या तर गुंतवणूक वाढलेली दिसत नाही. छोट्या कंपन्यांची मात्र वाढली. मोठ्या कंपन्या जो खर्च एरवीही करणारच होत्या, तोच त्यांनी सरकारी पैशातून भागवला असावा, असा याचा अर्थ मी लावतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचाही. समजा, एका वस्तीत दहा कमावती माणसे आहेत. सहा जण महिन्याला १०० कमावतात, चार जण ५०. सरासरी ८० येते. कमी कमावणाऱ्यांपैकी दोघे शहरात गेले, तर सरासरी ८७.५ होते. मागे राहिलेल्यांपैकी एकाचीही मिळकत वाढलेली नाही, तरी प्रदेश पुढे गेल्याची नोंद होते. उलट गेलेल्या दोघांना शहरात ९० मिळू लागले, तर खरी सुधारणा त्यांच्या आयुष्यात झाली, आणि नेमकी तीच त्या प्रदेशाच्या आकडेवारीतून निसटते.

बांगलादेशातील रंगपूर भागात २००८ च्या 'मोंगा' हंगामात, म्हणजे कापणीपूर्वीच्या उपासमारीच्या काळात, संशोधकांनी काही कुटुंबांना कामासाठी बाहेर जाता यावे म्हणून बसभाड्याइतकी, सुमारे साडेआठ डॉलरची मदत देऊ केली. २२ टक्के कुटुंबांतून त्यामुळे कुणीतरी बाहेर पडले आणि मागे राहिलेल्यांचा खाण्यापिण्यावरचा खर्च वाढला. पुढे मोठ्या प्रमाणावर राबवताना हा परिणाम टिकला नाही आणि २०१९ मध्ये तो कार्यक्रम थांबवण्यात आला, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

क्लेमेन्स आणि प्रिचेट यांनी २००८ मध्ये देशांसाठी वेगळे माप सुचवले: उत्पन्न देशात राहणाऱ्यांचे न मोजता, तिथे जन्मलेल्यांचे मोजावे, मग ते आज कुठेही असोत. प्रादेशिक निधीच्या मूल्यमापनात हे माप नेहमीच्या मापाच्या जोडीने वापरावे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी जन्मस्थान आणि करनोंदी जोडाव्या लागतात. डेन्मार्क आणि स्वीडनसारख्या देशांत लोकसंख्येची सलग नोंदवही असल्याने ते शक्य होते. जिथे अशी नोंदवही नाही, तिथे निधी देतानाच काही कुटुंबांची यादी करून, त्यांतील माणसे गाव सोडून गेली तरी त्यांचा माग ठेवण्याची तरतूद त्याच अंदाजपत्रकात असावी.