मोशेचं खरं काम समुद्र ओलांडल्यावर सुरू झालं

इस्राएली लोकांना मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून बाहेर काढणारा मोशे म्हटलं की दुभंगलेला समुद्र डोळ्यांपुढे येतो. बायबलमधली निर्गम आणि गणना ही पुस्तकं सलग वाचताना मला मात्र त्यानंतरचा मोशे फार मोठा वाटतो. रोज कुरकुरणाऱ्या, रोज भूक लागणाऱ्या माणसांना त्याने चाळीस वर्षं एकत्र ठेवलं.

समुद्राआधीची, मिसरचा राजा फारो याच्याशी पहिली भेट तर सपशेल फसली. मोशे तेव्हा 80 वर्षांचा, थोरला भाऊ अहरोन 83 चा. तीन दिवसांच्या वाटेवर रानात जाऊन परमेश्वराला यज्ञ करू द्या, एवढंच मागणं होतं. फारोने उत्तरादाखल इस्राएली गुलामांना विटांसाठी मिळणारा भुसा बंद केला. मिसरातल्या कच्च्या विटा म्हणजे गाळात भुसा कालवून, साच्यात थापून उन्हात वाळवलेली माती. भुसा कमी पडला की माती सुकताना आकसते आणि वीट तडकते. आता लोकांनी शेतातली धसकटं स्वतः वेचायची, पण विटांचा आकडा पहिलाच. तो भरला नाही की मार खायचे इस्राएली नायक, आणि त्यांनी बोल लावला तो मोशेला.

वल्हांडणाच्या, म्हणजे मिसर सोडण्याच्या, रात्रीच्या सूचना तर मुद्दाम वाचाव्यात, इतक्या बारीक आहेत. महिन्याच्या दहाव्या दिवशी एक वर्षाचा निर्दोष नर, मेंढा किंवा बकरा, निवडायचा आणि चौदाव्या दिवशी संध्याकाळी कापायचा. घर लहान असेल तर शेजाऱ्याला सोबत घ्यायचं. एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचं. मांस विस्तवावर भाजायचं, शिजवायचं नाही; बरोबर बेखमीर भाकर आणि कडू भाजी. उरेल ते सकाळी जाळून टाकायचं. कंबर कसून, पायांत जोडे, हातात काठी घेऊन घाईघाईने जेवायचं.

रानात खाण्याचा प्रश्न उभा राहिला तेव्हा मान्ना, देवाने दिलेला अन्नाचा दाणा, मिळू लागला. धण्यांसारखा बारीक, पांढरा, चवीला मधाच्या पोळीसारखा. माणशी एक ओमर, म्हणजे एफा या मापाचा दहावा भाग, साधारण दोन लिटर. ऊन तापलं की तो वितळायचा, म्हणून सकाळीच गोळा करावा लागे. जात्यावर दळून किंवा उखळात कुटून, मडक्यात शिजवून त्याच्या पोळ्या करत. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी साठवला, तर किडे पडून घाण सुटली आणि मोशे संतापला. सहाव्या दिवशी मात्र माणशी दोन ओमर घ्यायचे, कारण सातव्या दिवशी मिळणार नव्हता. ती साठवण टिकायची. तरीही काहीजण सातव्या दिवशी गेलेच आणि रिकाम्या हातांनी परतले. उद्याच्या भाकरीची खात्री नसलेल्या माणसांना साठवू नका म्हणून सांगणं किती अवघड असतं, हे इथे कळतं.

न्यायनिवाड्यात मोशे स्वतःच अडकला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटा बसायचा आणि लोक भोवती उभे. सासरा इथ्रो, मिद्यानचा याजक (पुरोहित), ते पाहून म्हणाला की अशाने तूही थकशील आणि लोकही. हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेम. देवाला भिणारे, खरे, लाचेचा तिटकारा असलेले. अवघड प्रकरणंच तुझ्याकडे येऊ देत. मोशेने ते ऐकलं. माझ्या मते त्याच्या नेतृत्वातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

होरेब डोंगरापासून कादेश-बर्ण्याची, म्हणजे देवाने वचन दिलेल्या कनान देशाच्या सीमेची, वाट 11 दिवसांची. पण तिथून त्या देशात पाठवलेल्या 12 हेरांपैकी दहांनी लोकांना घाबरवलं, उरलेल्या दोघांचं, कालेब आणि यहोशवा यांचं, कुणी ऐकलं नाही, आणि हेरगिरीच्या 40 दिवसांबद्दल 40 वर्षांची भटकंती पदरी पडली.

शेवटी मोशेलाही त्या देशात जाता आलं नाही. मरीबा या ठिकाणी पाण्यासाठी त्याने देवाच्या सांगण्यानुसार खडकाशी फक्त बोलायचं होतं. त्याने लोकांवर चिडून खडकावर दोनदा काठी मारली. पाणी भरपूर आलं, पण प्रवेश गेला. त्यावर त्याने मागितलं काय, तर लोक मेंढपाळावाचून राहू नयेत म्हणून वारस. एलाजार याजक आणि सगळी मंडळी यांच्यासमोर यहोशवावर हात ठेवून त्याने आपला काही अधिकार हयातीतच सोपवला. मोशे 120 व्या वर्षी नबो डोंगरावर मरण पावला, मवाबाच्या मैदानात 30 दिवस शोक झाला, आणि त्यानंतर लोक यहोशवाचं ऐकू लागले, ते म्हणूनच.