‘आपल्या कोकणात’ : दंड पाचशे कोलोन

सान होसेच्या विमानतळावरून हॉटेलकडे जाताना पहिल्या दहा मिनिटांत मी तीनदा म्हणाले, "अगदी आपल्या कोकणासारखं आहे गं!" लाल पत्र्यांची घरं, जास्वंदीची कुंपणं, डोंगराच्या खांद्यावर टेकलेलं ऑगस्टचं आभाळ. सगळा जन्म चिपळुणात गेल्यावर दुसरं काय सुचणार? ह्यूस्टनहून चार तास विमानात बसवून आम्हा दोघांना ‘काहीतरी वेगळं’ दाखवायला आणलेल्या लेकीचा चेहरा पडला. तिने बसमध्येच फर्मान काढलं. यापुढे जो कोणी ‘आपल्या कोकणात’ म्हणेल, त्याने पाचशे कोलोन दंड भरायचा. पाचशे कोलोन म्हणजे साधारण एक डॉलर. ‘जो कोणी’ हे नुसतं म्हणायला. हे खिडकीबाहेर बघत हसत होते.

कोस्टा रिकाला यायचं कारण सोपं होतं: पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, त्यामुळे वेगळा काढावा लागला नाही. आणि गटाबरोबर यायचं कारण माझा गुडघा. सोळा जण, एक मिनीबस, एक गाईड, नऊ दिवस. बाकीचे बहुतेक अमेरिकेतले निवृत्त लोक, प्रत्येकाच्या गळ्यात माझ्या वर्षाच्या पेन्शनएवढी दुर्बीण. गाईड तिशीतला, हसरा. त्याचं नाव घेऊन एकेरी हाक मारणं मला जमेना, म्हणून मी त्याला ‘दादा’ म्हणू लागले. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळी बस त्याला ‘डाडा’ म्हणत होती.

इथल्या लोकांना ‘तिको’ म्हणतात. त्यांच्या स्पॅनिशची एक गंमत दादाने सांगितली. स्पॅनिशमध्ये एकेरीला ‘तू’ आणि आदराला ‘उस्तेद’. पण तिको मित्राला, बायकोला, पोराला, कित्येकदा कुत्र्यालाही ‘उस्तेद’ म्हणतात. मी ह्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, मी अजून ‘अहो’ म्हणते आणि ते ‘अगं’. पत्ता सांगायची रीतही ओळखीची. सान होसेत रस्त्याचं नाव, घराचा नंबर असलं कोणी सांगत नाही; चर्चपासून दोनशे मीटर दक्षिणेला, मग पन्नास मीटर पूर्वेला. एका भागात तर जुन्या उंबराच्या जातीच्या झाडापासून अंतर मोजतात आणि ते झाड कधीच तोडलेलं आहे. आमच्याकडेही पाडलेल्या टॉकीजजवळ अजून रिक्षा थांबतात. हे मी मोठ्याने म्हणाले. पाचशे कोलोन.

पहिल्या सकाळी राष्ट्रीय संग्रहालय पाहिलं. ही इमारत पूर्वी लष्कराची बराक होती. भिंतींवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. 1948 मधल्या यादवीनंतर, ती जिंकणारे नेते होसे फिगेरेस यांनी 1 डिसेंबरला इथेच भिंतीवर हातोडा मारून सैन्य बरखास्त झाल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी ते राज्यघटनेत लिहिलं गेलं. महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा देश, आणि सैन्यच नाही. हे निवृत्त बँकवाले, त्यांनी लगेच विचारलं, "मग वाचलेले पैसे कुठे टाकले?" शाळा आणि दवाखाने, दादा म्हणाला. माझ्यातली शाळेतली निवृत्त बाई मनात टाळ्या वाजवून मोकळी झाली.

तिथून कॅरिबियन किनाऱ्याकडे. रस्ता ब्राउलियो कारिय्यो राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जातो. एका पुलावर दादाने बस हळू करायला लावली. खाली दोन नद्या मिळतात, एक स्वच्छ आणि दुसरी हळदीच्या पाण्यासारखी पिवळी. पिवळीचं नाव ‘रिओ सुसिओ’, म्हणजे घाणेरडी नदी. बिचारी घाणेरडी नाही. इरासू ज्वालामुखीवरून खनिजं घेऊन येते, त्याचा तो रंग. पुढे केळीच्या बागा लागल्या. मैलोनमैल केळी, प्रत्येक घडाला निळ्या प्लास्टिकची पिशवी, आणि तोडलेले घड तारेवर टांगून ओळीने पॅकिंगच्या शेडकडे निघालेले. परसात चार केळी लावणाऱ्या माणसाला ते बघून जरा धाकधूक होते.

रस्ता संपला तिथे होडी. तोर्तुगेरोला मोटारीने जाताच येत नाही. होडी नाहीतर छोटं विमान. तासभर कालव्यांतून गेलो. पाऊस असा की वल्हं मारायची गरजच पडू नये. वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पडतो म्हणे. मी ओठ घट्ट मिटून बसले होते, तेव्हा ह्यांनीच घात केला: "आपल्याकडे आंबोलीला…" लेकीने दंडाची पिशवी पुढे केली. आंबोली कोकणात येते की घाटावर, यावर ते भर पावसात दहा मिनिटं भांडले आणि हरले.

पहाटे साडेचारला कुणीतरी अंगात आल्यासारखं हंबरू लागलं. हे ताडकन उठून बसले. हाउलर माकडं. प्राणी आपल्या वानराएवढाही नाही, पण आवाज मैलभर जातो. सकाळच्या फेरीत मगरीची धाकटी जात, पाण्यावरून दोन पायांनी धावणारा सरडा आणि भल्यामोठ्या रंगीत चोचीचा टूकान दिसला. मी ओरडले, "धनेश!" दादाने दुर्बीण माझ्याकडे वळवून शांतपणे सांगितलं की दोघांचं काही नातं नाही, टूकान अमेरिका खंडातला, धनेश आशिया-आफ्रिकेतला. दोघंही झाडाच्या टोकावरची फळं खाणारे, म्हणून चोची लांब झाल्या. लेकीने दंड दुप्पट केला, चुकीच्या तुलनेबद्दल.

त्या रात्री मात्र पिशवी निघाली नाही.

तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर जुलै ते ऑक्टोबर हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात. एकेकाळी इथून ती पाठीवर उलटी टाकून सूपासाठी परदेशी जायची. आर्ची कार नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात इथे अभ्यास सुरू केला, पुढे 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि आता गावाची चूल कासवं मारून नाही, कासवं दाखवून पेटते. रात्री किनाऱ्यावर जायचं तर परवानाधारक गाईडबरोबरच. काळे कपडे, कॅमेरा नाही, मोबाईल नाही, टॉर्च नाही. आम्ही झाडीत अंधारात पाऊण तास उभे. पाऊस थांबलेला, डास चालू. अखेर किनाऱ्यावर टेहळणी करणाऱ्याचा निरोप आला आणि एकामागे एक वाळूत उतरलो.

ती मादी मीटरभर लांब होती. सव्वाशे-दीडशे किलोचं धूड. मागच्या वल्ह्यांनी तिने खड्डा केला होता, आणि तो असा नीट, जणू हाताला डोळे होते. दादाने लाल दिवा मागून, फक्त खड्ड्यावर धरला. एकदा अंडी घालायला लागली की ती आजूबाजूला लक्ष देत नाही, त्याआधी मात्र जरा चाहूल लागली तर परत फिरते. म्हणून ती सगळी शिस्त. अंडी पडत होती, दोन दोन, तीन तीन, पिंगपाँगच्या चेंडूसारखी, चकाकत. शंभराच्या वर घालते. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते रडणं नव्हे, अंगातलं जादा मीठ तसं बाहेर पडतं, हे दादाने आधीच सांगून ठेवलं होतं. तरी शेजारची कॅनडाची बाई रडली. मीही.

माझं कारण वेगळं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला मी शाळेच्या मुलांना घेऊन चारदा गेले आहे. तिथे येतात ती ऑलिव्ह रिडले, यांच्यापेक्षा खूप लहान. गावातली माणसं पहाटे अंडी शोधून कुंपणात नेऊन पुरतात, आणि पन्नासेक दिवसांनी टोपलीखालून पिल्लं निघाली की दोरीच्या अलीकडे उभं राहून आपण ती समुद्राकडे तुरुतुरु जाताना बघतो. दर वेळी एखादं पोर विचारायचं, "बाई, यांची आई कुठे आहे?" मी भूगोलाच्या बाईला शोभेल असं उत्तर द्यायची. आई मी कधी पाहिलीच नव्हती. ती आज पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या जातीची, दिसली. खड्डा बुजवून, वर वाळू उडवून, ती धापा टाकत पाण्याकडे निघाली. दर तीन-चार पावलांना थांबायची. मी काहीतरी पुटपुटले. "काय म्हणालीस?" लेकीने विचारलं. "वेळास." तिने माझा हात धरला.

पुढचा मुक्काम ला फोर्तुना, अरेनाल ज्वालामुखीच्या पायथ्याशी. पायथ्याशी म्हणायचं, कारण दोन दिवस वर फक्त ढग होता. ज्वालामुखी बघायला आलेली सोळा माणसं एका पांढऱ्या भिंतीचे फोटो काढत होती. 1968 पर्यंत इथले लोक त्याला साधा डोंगर समजत. 29 जुलैच्या सकाळी तो फुटला, तीन वस्त्या गाडल्या गेल्या, ऐंशीच्या वर माणसं मेली. मग 2010 पर्यंत तो कमीजास्त धुमसतच होता. रात्री लाल दगड घरंगळताना हॉटेलच्या गच्चीतून दिसत. आता शांत आहे. त्या लाव्ह्याच्या काळ्या दगडांवरून चालत गेलो. दगड ओळखीचा वाटला आणि मी रीतसर पाचशे कोलोन आधी काढून हातात धरले, मग बोलले: आमचा अख्खा सह्याद्री असाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा थरावर थर. दादा म्हणाला, ही तुलना बरोबर आहे, दंड माफ.

संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडांत बसलो. आमच्या राजवाडी-तुरळला गंधकाच्या वासात, पंचा लावून, चार म्हाताऱ्यांच्या संधिवाताच्या चौकशीत अंघोळ होते. इथे शेकडो डॉलरांच्या रिसॉर्टमध्ये पाण्यातच दारू विकायला काउंटर. गुडघ्याला गुण सारखाच. (पाचशे.) आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ह्यांनी मला हलवून उठवलं. ढग सरला होता. शंकूसारखा, नेमका, मुलांच्या चित्रातला डोंगर. चहा येईपर्यंत परत झाकला गेला.

अरेनालचं सरोवर धरणाचं आहे. 1979 मध्ये पाणी चढलं तेव्हा जुनं अरेनाल गाव बुडालं आणि काठावर ‘नवं अरेनाल’ वसलं. होडीतून पलीकडे जाताना दादा हे सांगत होता. कोयनेच्या पाण्याखाली कोणाकोणाची घरं गेली ते आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. मी पिशवीत पैसे टाकले, बोलले नाही.

मोंतेवेर्देचं जंगल ढगात असतं, अक्षरशः. पानावर पान, पानावर शेवाळ, शेवाळावर ऑर्किड. हे जंगल वाचलं त्यामागे युद्ध न मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाची काही कुटुंबं आहेत. सैन्यात नाव नोंदवायला नकार दिला म्हणून त्यांतले चार तरुण अमेरिकेत तुरुंगात गेले होते. सुटल्यावर ही मंडळी ज्या देशात सैन्य नाही तो शोधत 1951 मध्ये इथे आली. गाई पाळल्या, चीज करू लागली, आणि पाण्याच्या उगमावरचं रान मात्र तोडायचं नाही असं ठरवलं. इथे झुलते पूल आहेत. साकवावरून आयुष्यभर चाललेल्या बाईला भीती वाटायचं कारण नव्हतं, वाटली. आमच्या साकवाखाली ओढा दिसतो, इथे खाली ढग.

केत्साल पक्षी दिसला नाही. त्याचा मोसम जुलैबरोबर संपतो, हे जाहिरातीत लिहायला टूर कंपनी विसरली होती. त्याऐवजी एका भेटवस्तूंच्या दुकानात आम्हाला सव्वा तास सोडलं, ते मात्र विसरले नाहीत. दादाने एक फोटो दाखवला, केशरी बेडकांचा, जणू कुणी मातीत झेंडू उधळलेत. फक्त याच डोंगरावर होते. 1989 नंतर कोणालाही दिसलेले नाहीत.

खाण्याचं मला टेन्शन होतं. पहिल्या सकाळी ‘गायो पिंतो’ समोर आलं. अर्थ विचारला तर ‘ठिपकेवाला कोंबडा’. मी ताट मागे सारलं. निघाला भात आणि काळे घेवडे. चरबीत केलेलं नाही ना, हे तेवढं रोज विचारावं लागायचं. सोबत तळलेली केळी, थेट राजेळीची चव. आणि मोंतेवेर्देच्या थंडीत ‘आग्वा दुल्से’. घोट घेतला आणि मी थांबले. गरम पाण्यात गूळ. आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी! लेक पिशवी उघडणार एवढ्यात दादा मध्ये पडला. त्याने बोटं मोजली: पपई, पेरू, अननस, काजू, मिरची. हे सगळं आमच्या अमेरिका खंडातून जहाजात बसून तुमच्या कोकणात गेलं. म्हणजे कोकणच इथल्यासारखं आहे. बाईंचा अर्धा दंड परत करा. ह्यांनी अनुमोदन दिलं. लेकीने अपील फेटाळलं.

पॅसिफिककडच्या मान्युएल आंतोनिओ राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्याबद्दल थोडंच. वाटेत तार्कोलेस नदीच्या पुलावरून खाली तीसेक मगरी मोजल्या. उद्यानात खाण्याचे पदार्थ नेता येत नाहीत, दारावर पिशव्या तपासतात. तरी एका पांढऱ्या तोंडाच्या माकडाने कोणाचीतरी सनस्क्रीनची बाटली लांबवली. स्लॉथ नावाचा महाआळशी प्राणी पाहिला. आठवड्यातून एकदा, फक्त शौचाला झाडावरून उतरतो. ह्यांना तो फार आवडला. समुद्र सुंदर, वाळू पांढरी, आणि मी गुहागरचं नाव घेतलं नाही.

शेवटच्या दिवशी पिशवी मोजली: साडेतेरा हजार कोलोन. दादाला वेगळं पाकीट दिलं होतंच. या पैशांतून कॉफी घेतली आणि गुळाची एक ढेप. ह्यूस्टनच्या विमानतळावर अधिकाऱ्याने ती तपकिरी ढेप हातात फिरवून विचारलं, हे काय आहे? लेक इंग्रजीत समजावू लागली. मी पुढे होऊन म्हटलं, "गूळ आहे, आमच्या को…"

लेकीने वळून पाहिलं. पण माझ्याकडे एकही कोलोन उरला नव्हता.