आधी मोजा, मग रिकामी करा

मुंबई महापालिकेच्या एका विभाग कार्यालयात, इमारत व कारखाने खात्यात, मी सहाय्यक अभियंता म्हणून धोकादायक इमारतींचं काम सांभाळलं. बाहेरून पाहणाऱ्याला हे खातं म्हणजे लोकांना घराबाहेर काढणारं खातं. महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची, म्हणजे धोकादायक इमारतीची नोटीस इथून निघते, वीज-पाणी तोडण्याची पत्रं इथून जातात, पोलीस बंदोबस्तही आम्हीच मागतो. तरी भाडेकरूचं घर राखण्याचं मोठं काम याच खात्यात होतं, असं मी ठामपणे सांगेन. मात्र ते इमारत रिकामी होण्याआधीच करावं लागतं. कोणत्या खोलीत कोण राहतं, कोणत्या कागदावर राहतं आणि किती चौरस फुटांत राहतं, याची मोजमापासकट यादी. इमारत पाडली की दाखवायला भिंतसुद्धा उरत नाही. पुढे कित्येक वर्षांनी मालक, बिल्डर आणि भाडेकरूंची मुलं समोरासमोर बसतात, तेव्हा सगळ्यांच्या हातात तेवढीच यादी असते.

माझगावची बाबू गेनू मंडईची इमारत २७ सप्टेंबर २०१३ ला कोसळली आणि ६१ माणसं गेली. आमच्या पिढीच्या अभियंत्यांच्या डोक्यातून ती तारीख जात नाही. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने धोकादायक इमारतींबाबत मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. इमारत पाडण्याआधी भाडेकरूंची आणि त्यांच्या क्षेत्रफळाची नोंद करायची, ही त्यातलीच एक. माझं सगळं काम त्या सूचनांच्या आधारावर चाललं.

एका इमारतीबद्दल सविस्तर सांगते. उपनगरातली, पागडीची (म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली), तळाला दुकानं आणि वर खोल्या. उपकरप्राप्त, म्हणजे म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती फक्त शहर भागात असतात, त्यामुळे इथे म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा आणि त्यांच्या संक्रमण शिबिराचा, म्हणजे तात्पुरत्या घरांचा, प्रश्नच नव्हता. भाडं इतकं जुनं की महिन्याच्या सगळ्या पावत्या एकत्र केल्या तरी एका खांबाची दुरुस्ती निघाली नसती. यात मालकाचीही एक बाजू आहे, हे मी मान्य करते.

तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. मालकाने करून घेतलेल्या ऑडिटमध्ये इमारत सी-१ निघाली, म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी. भाडेकरूंनी वर्गणी काढून आपला सल्लागार आणला. त्याच्या अहवालात ती सी-२बी होती, म्हणजे कोणालाही बाहेर न काढता दुरुस्त होणारी. असे दोन परस्परविरोधी अहवाल आले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. आम्ही सगळे तिला टॅक म्हणतो.

टॅकने सी-१ कायम केलं तेव्हा भाडेकरूंची पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती : मालकाने सगळ्यांना खिशात घातलंय. नुसतं पत्र पाठवून हा संशय जात नाही. म्हणून चाचण्या चालू असतानाच मी दोन्ही बाजूंच्या माणसांना खाली खांबाजवळ बोलावलं होतं. काँक्रीटचा ताजा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं की निरोगी भाग गुलाबी होतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याचा अल्कली गुण गेलाय तो भाग रंगहीन राहतो. तिथे रंगहीन पट्टा थेट सळईपर्यंत पोचला होता. सळईचं संरक्षण संपलं की ती गंजते, फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मॅडम, हे आम्हाला आधी कोणी दाखवलंच नव्हतं." अहवालातला आकडा वाचून विश्वास बसत नाही, डोळ्यांनी पाहिलं की बसतो. त्या दिवसापासून भांडणाचा विषय बदलला. इमारत पडेल का, हा प्रश्न संपला आणि आपलं काय होणार, हा सुरू झाला.

तो प्रश्न रास्तच होता. पागडीच्या भाडेकरूला वाटणारी भीती एकच असते : एकदा कुलूप लावून बाहेर पडलो की संपलं. मी त्यांना सांगायची की सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केलंय, इमारत जमीनदोस्त झाली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. पण कोर्टाच्या निकालाने खोलीचं क्षेत्रफळ सिद्ध होत नाही. ते आम्हालाच कागदावर आणायचं होतं.

मोजणीच्या दिवशी मालकाच्या माणसाला आणि भाडेकरूंच्या प्रतिनिधींना लेखी कळवून बोलावलं. टेप धरायला आमची माणसं, लिहायला मी, पंच म्हणून शेजारच्या इमारतीतले दोघे, शिवाय सगळ्याचं चित्रीकरण. मोजायचं ते चटई क्षेत्र, आतल्या गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात प्रत्येक दारापाशी नवा प्रश्न उभा राहतो.

पोटमाळ्याचंच घ्या. जवळपास प्रत्येक खोलीत होता. कोणाचा सामानापुरता, तर कोणाच्या पोटमाळ्यावर मुलगा-सून संसार करत होते. भाडेकरू म्हणायचे क्षेत्रात धरा, मालकाचा माणूस म्हणायचा लिहूसुद्धा नका. मी पोटमाळा वेगळ्या रकान्यात घेतला, लांबी, रुंदी, उंचीसकट. तो मंजूर आराखड्यात आहे की नाही हे पुढे तपासता येतं. पण आज लिहिलाच नाही तर तपासायला काही उरणार नाही. मागच्या सज्जाला जाळी आणि काचा लावून ज्यांनी स्वयंपाकघर केलं होतं, त्यांच्या बाबतीतही तेच केलं : खोली वेगळी, सज्जा वेगळा.

दुसरा प्रश्न नावांचा. भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर, सासरे कधीच वारलेले, नवराही गेलेला आणि खोलीत एकट्या काकू. त्यांनी पावत्यांची पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "यात माझं नाव कुठेच नाही गं, मग मी कोण?" महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ प्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला तो हक्क मिळतो. एकमत नसेल तर कोणाला द्यायचा हे न्यायालय ठरवतं. मी न्यायालय नव्हे. पण काकू तिथे राहतात हे तर मला दिसत होतं. म्हणून आमच्या तक्त्यात दोन रकाने होते, "पावतीवरील नाव" आणि "प्रत्यक्ष ताबा". दुसऱ्यात काकूंचं नाव, शिधापत्रिका आणि वीजबिलाच्या नोंदीसह लिहिलं. अशा दोन रकान्यांशिवाय ही यादी कोणीही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसतं पावतीवरचं नाव लिहिलं तर बायका आणि म्हातारी माणसं कागदातून गळतात.

एका खोलीवर दोन भावांचा दावा होता. धाकटा राहत होता आणि थोरला बाहेरगावाहून खास मोजणीसाठी आला होता. दोघांचे जबाब घेतले, ताबा धाकट्याचा लिहिला आणि शेऱ्यात वाद असल्याची नोंद केली. काही खोल्या बंद होत्या. त्यांच्या दारावर नोटीस चिकटवून पुढची तारीख दिली. त्या तारखेलाही कोणी आलं नाही तिथे पंचनामा करून बाहेरून मिळतील ती मापं घेतली आणि "बंद आढळली" असं लिहिलं. दुकानदारांचं काम त्या मानाने लवकर उरकलं, त्यांच्याकडे गुमास्ता परवाने होते.

मालकाच्या माणसाने शेवटी सही करायला नकार दिला. नकाराची नोंद पंचांसमोर केली. सही नसली तरी यादी रद्द होत नाही. पण हे भाडेकरूंना समजावणंही आमचंच काम, कारण सही नाही म्हटल्यावर इमारतभर घबराट पसरली होती. याच काळात मालकाने भाडं घेणं थांबवलं. त्यावर मी प्रत्येकाला एकच सांगत राहिले, भाडं मनीऑर्डरने पाठवा आणि परत आलेली पावती जपून ठेवा. भाडं द्यायला तयार आणि राजी असलेल्या भाडेकरूला थकबाकीच्या कारणावरून काढता येत नाही, तेव्हा ती तयारी कागदावर दिसायला हवी. वकिलाकडे जाणंही गरजेचं होतं आणि बहुतेक जण गेले. लघुवाद न्यायालयाची पायरी चढायला लोक घाबरतात, पण बृहन्मुंबईत भाडेकरू आणि मालकाचा वाद तिथेच चालतो.

रिकामं करण्याच्या काळाबद्दल मला फार लिहवत नाही. पावसाळा तोंडावर होता. अशा खाजगी इमारतीतल्या लोकांना देण्यासाठी माझ्या हातात एकही पर्यायी घर नव्हतं, आणि शहराच्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे असं मला मनापासून वाटतं. कोणी विरारला गेलं, कोणी बदलापूरला, कोणी मुलीकडे. मुलांच्या शाळा तिथेच राहिल्या, म्हणजे रोजची लोकल आली. पोलीस बंदोबस्त मागवला होता, पण तो वापरावा लागला नाही. मला वाटतं त्याचं मुख्य कारण हेच की किल्ली देताना प्रत्येकाच्या हातात यादीची प्रत होती, आणि तिच्यावर त्याचं नाव नि क्षेत्रफळ होतं. अधिकाऱ्याचा शब्द कितीही चांगला असला तरी त्याची बदली होते. प्रतीची बदली होत नाही.

पुढे पुनर्विकासाचा प्रस्ताव इमारत प्रस्ताव विभागाकडे आला. उच्च न्यायालयाच्या सूचनांप्रमाणे, भाडेकरूंशी नव्या इमारतीतल्या कायमच्या जागेचा किंवा तडजोडीचा करार दाखल झाल्याशिवाय बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचं नाही, अशी अट असते. त्या विभागाने आमची यादी मागवली आणि करार एकेक करून तिच्याशी ताडून पाहिले. एका दुकानाचं क्षेत्र करारात कमी दाखवलेलं होतं. दुकानदाराने प्रत पुढे केली, पंचनाम्यातला आकडा निघाला आणि करार दुरुस्त होऊन आला. काकूंचा करार त्यांच्या स्वतःच्या नावाने झाला. दोन भावांच्या खोलीचा वाद अजून न्यायालयात आहे. ती जागा नव्या आराखड्यात राखून ठेवली आहे आणि निकाल ज्याच्या बाजूने लागेल त्याच्याशी करार होईल.

इमारतीला नोटीस लागलेली माणसं आजही मला विचारायला येतात. मी सांगते, नोटिशीचं उत्तर मुदतीत द्या, मोजणीच्या दिवशी कामावर रजा टाकून घरी थांबा, पोटमाळा आणि सज्जा दाखवायला विसरू नका, घरातल्या बाईचं नाव ताब्याच्या रकान्यात लिहिलंय का ते सही करण्याआधी वाचा. यादीची प्रमाणित प्रत किल्ली देण्यापूर्वी मागा. नाही मिळाली तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा. आणि आकडा चुकलेला दिसला तर हरकत लेखी द्या, इमारत उभी आहे तोवरच द्या, म्हणजे कोणालातरी टेप घेऊन परत येता येईल.