3.78 ग्रॅमचं दोन रुपयांचं नाणं

2011च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं 25 मिमी व्यासाचं, 4.85 ग्रॅमचं. तपासायला आलेलं भरलं 3.78 ग्रॅम. व्यापाऱ्याने पाकिटावर निकाल आधीच लिहिला होता: ‘एक रुपयाच्या चकतीवर छपाई, कोटीत एक’. म्हणजे एक रुपयाच्या कोऱ्या चकतीवर चुकून दोन रुपयांचा छाप पडलाय.

एक रुपयाची चकती 21.93 मिमी आणि 3.79 ग्रॅमची. वजन जुळलं की बहुतेक जण तिथेच थांबतात, आणि तिथेच फसतात. दोन्ही नाणी एकाच जातीच्या स्टेनलेस स्टीलची, जाडीही जवळपास तीच. दोन रुपयांचं चांगलं नाणं घासून 21.93 मिमीवर आणलं तर व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग 0.77, गुणिले 4.85, म्हणजे साधारण 3.73 ग्रॅम उरतं. एवढा फरक टांकसाळीला वजनात असलेल्या मुभेतच जिरतो. चुंबकाला तर दोन्ही चिकटतात.

खरं-खोटं कडेवर कळतं. मोठ्या कॉलरमध्ये, म्हणजे छापताना चकतीला भोवतून धरणाऱ्या कड्यात, छोटी चकती सैल पडते, म्हणून छाप एका बाजूला जातो. कॉलर न टेकल्याने धातू बाहेर सरकतो. व्यास चार दिशांनी मोजला तर आकडे थोडे थोडे वेगळे येतात आणि काठाजवळची अक्षरं बाहेर ओढली जाऊन पुसट होतात. घासलेल्या नाण्यात अक्षर थेट तुटतं आणि दहापट भिंगाखाली काठावर रेघा दिसतात. इथे ‘भारत’चा ‘भा’ व्यवस्थित ओढला गेला होता. नाणं अस्सल.

पण ‘कोटीत एक’? कोणीही न चाळलेली काही नाणी पाहिली आणि एकही चूक सापडली नाही, तर 3 भागिले नाण्यांची संख्या ही चुकीच्या प्रमाणाची वरची मर्यादा, 95 टक्के खात्रीने. ‘लाखात एकाहून कमी’ म्हणायला 3 लाख नाणी पाहावी लागतील: 1,455 किलो. कोटीसाठी 145 टन. व्हिडिओत लाखांचे भाव सांगणाऱ्यांपैकी कोणी एक पोतं तरी उपसलंय का, देव जाणे.

त्यातही हे गणित प्रत्येक चूक स्वतंत्र धरतं. प्रत्यक्षात चकत्यांच्या पेटीच्या कोपऱ्यात एक रुपयाच्या 200 चकत्या अडकल्या, तर मिनिटाला 700 नाणी छापणारा प्रेस त्या वीस सेकंदांच्या आत संपवतो. निसटल्या तर सगळ्या एकाच पोत्यात, एकाच गावात. तिथे मोजणाऱ्याला चूक सर्रास वाटेल, बाकी देशाला शून्य. म्हणून मोजायची ती नाणी नव्हेत, घटना.

या नाण्यावर सालाखालचा मुंबईचा हिरा शाबूत आहे आणि सिंहांजवळ डायचा, म्हणजे छाप उमटवणाऱ्या साच्याचा, एक बारीक ओरखडा उमटलाय. प्रमाणाचा रकाना मी कोरा ठेवला. व्यापारी नाराज आहे. त्याच सालाचं, हिऱ्याचं असंच दुसरं नाणं कोणाकडे असेल तर सिंहांची बाजू मोठी करून फोटो काढा. ओरखडा तोच निघाला, तर दोन्ही मिळून बहुधा एकच घटना.