शिजियाझुआंगला जाताना 'कोटणीस' विसरा, 'के दीहुआ' पाठ करा

मेट्रोतून वर आलो आणि फळांची गाडी लावून बसलेल्या बाईंना विचारलं, "कोटणीस?" त्यांनी दोन केळी पुढे केली. मी परत म्हणालो, "डॉक्टर कोटणीस." तिसरं केळं आलं. शेवटी फोनमध्ये चिनी लिपीत साठवून आणलेलं नाव दाखवलं. बाईंनी ते मोठ्यानं वाचलं, "के दीहुआ!", हसल्या, आणि हात लांब करून बागेचं फाटक दाखवलं. केळ्यांचे पैसे मात्र पुरते घेतले.

म्हणून पहिला सल्ला हा. सोलापूरच्या ज्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांची समाधी शिजियाझुआंगला आहे, ते तिथे कोटणीस नाहीतच, के दीहुआ आहेत. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात अटल, आपल्या नागपूरचे चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस होते. पाचही जणांनी आपापल्या चिनी नावाला 'हुआ', म्हणजे चीन, हे शेपूट जोडून घेतलं. निघण्यापूर्वी हे नाव चिनी अक्षरांत फोनमध्ये ठेवा. नेटवर भरवसा ठेवू नका.

कामानिमित्त बीजिंगला होतो, एक रविवार मोकळा मिळाला. शिजियाझुआंग ही हबेई प्रांताची राजधानी, बीजिंगपासून रेल्वेनं सुमारे 280 किलोमीटर. वेगवान गाडी सव्वा तासाच्या आसपास पोचवते, त्यामुळे सकाळी जाऊन रात्री परत येणं आरामात जमतं. बीजिंगमध्ये मोठी स्टेशनं बरीच आहेत, तेव्हा तिकिटावरचं नाव नीट पाहा. माझी गाडी पश्चिम स्टेशनातून होती. तिकीट पासपोर्टच्या नंबरावर निघतं आणि पासपोर्ट हेच तिकीट. आपला पासपोर्ट स्वयंचलित फाटकावर चालला नाही तर गोंधळू नका, बाजूला माणूस बसलेली रांग असते तिथे जा. सामानाची तपासणी विमानतळासारखी असते. चाकू, कात्री, अंगावर मारायचे फवारे नेऊ नका. माझ्या शेंगाचटणीचा डबा उघडायला लावला. तपासणाऱ्या मुलीनं वास घेतला, एकदा शिंकली आणि जाऊ दिलं.

स्टेशनवरून मेट्रोची 3 नंबरची लाइन धरून 'शिनबाई ग्वांगछांग'ला उतरायचं, तिथे 1 नंबरची लाइन बदलून पश्चिमेकडे एकच स्टेशन: 'लिएशि लिंगयुआन', हुतात्म्यांचं स्मशान. टॅक्सीची गरज नाही.

नाव स्मशानाचं असलं तरी आत शिरल्यावर मोठी देखणी बाग वाटते. वीस हेक्टरांहून मोठा परिसर, सरळ रुंद वाट, दोन्ही बाजूंना सुरूसारखी उंच हिरवी झाडं आणि मध्ये स्मारकस्तंभ. 1954 मध्ये ही जागा पूर्ण झाली. प्रवेशाला पैसे नाहीत. आजोबा नातवंडांना घेऊन फिरत होते, एक जण पाण्यात बुडवलेल्या लांब कुंचल्यानं फरशीवर अक्षरं काढत होता. उन्हात ती वाळून जायची आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. तिथे मी जरा जास्तच वेळ घालवला.

मुख्य वाटेच्या एका बाजूला डॉ. नॉर्मन बेथून यांची समाधी आणि दुसऱ्या बाजूला आपल्या कोटणिसांची. बेथून कॅनडाचे सर्जन. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, त्यातून रक्तात विष भिनलं आणि नोव्हेंबर 1939 मध्ये ते गेले. त्यांच्या नावानं चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची जबाबदारी जानेवारी 1941 मध्ये कोटणिसांकडे आली. दोघांची प्रत्यक्ष भेट झाली नाही, आता मात्र कायमचे शेजारी आहेत.

फुलं न्यायची असतील तर शेवंती न्या, पांढरी किंवा पिवळी. तिथे ती समाधीवर वाहायचीच फुलं. (उलट, कुणा चिनी कुटुंबाकडे जेवायला जाताना शेवंतीचा गुच्छ चुकूनही नेऊ नका.) मी पांढरी चार फुलं ठेवली. चपला काढू की नको, असा अवघडल्यासारखा उभा राहिलो. कुणीच काढत नव्हतं, मग मीही नाही काढल्या.

संग्रहालय छोटं आहे, पण तेच चुकवू नका. पथकाची शस्त्रक्रियेची हत्यारं आहेत, फोटो आहेत आणि एक वही आहे. मुंबईहून निघाल्यावर बोटीवर कोटणिसांनी चिनी शब्द लिहून काढायला घेतले, ती ही वही. काचेवर दिव्याची तिरीप पडते, म्हणून दोन्ही तळहातांचा आडोसा करून पाहावं लागतं. मला एवढ्या वर्षांत कामापुरते वीस-पंचवीस चिनी शब्द येतात. हा माणूस पुढे चिनी भाषेतून वैद्यकीचे वर्ग घेत होता. त्या काचेपाशी मला थोडी लाज वाटली, खरं सांगायचं तर.

पाट्या जवळपास सगळ्या चिनीत. फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर होतं, पण ते अॅप घरूनच उतरवून न्या. आपल्या सिमचं रोमिंग असेल तर गुगल आणि व्हॉट्सअॅप चालतात, तिथल्या वायफायवर चालत नाहीत. पैसे सगळीकडे अलीपे या फोनवरच्या अॅपनं. भारतातून निघण्यापूर्वी त्यात व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून ठेवा, शिवाय थोडी रोकड. काही देशांच्या लोकांना बिनव्हिसा थांबता येतं, त्या यादीत आपण नाही.

कोटणीस गेले 9 डिसेंबर 1942 रोजी, अपस्मारानं, वय 32. वर्षभरापूर्वी तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न झालं होतं. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. त्याचं नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. माओंच्या शोकसंदेशातल्या ओळीचा अर्थ साधारण असा: सैन्याचा एक हात गेला, राष्ट्राचा एक मित्र गेला.

बाहेर बाकावर एक आजी बसल्या होत्या. "यिन्दु?" भारत? मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, "हेई मामा." मला वाटलं कुणा मामाबद्दल बोलतायत. भाषांतराच्या अॅपमध्ये परत म्हणायला लावलं तेव्हा कळलं, चिनीत 'मामा' म्हणजे आई. 'हेई' म्हणजे काळी. तिथले सैनिक आणि गावकरी कोटणिसांना प्रेमानं काळी आई म्हणायचे. मी आजींना 'कोटणीस' म्हणायला शिकवू लागलो. 'को'पर्यंत जमलं, 'ट' अडखळला, 'णी'पाशी त्या हात झटकून हसायलाच लागल्या.

खाण्याचं थोडक्यात. हबेईत गाढवाच्या मांसाची भरलेली भाकरी प्रसिद्ध आहे, शाकाहाऱ्यांनी 'वो छ्र सु' (मी शाकाहारी खातो) हे तीन शब्द घोकावेत. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात कुठेही मिळतो. वर शेंगाचटणी भुरभुरली की काही विचारू नका.

जायचं तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. 1 ऑक्टोबरपासूनचा सुट्टीचा आठवडा टाळा, तिकीट मिळत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग, म्हणजे त्यांचा पितरांचा दिवस, तेव्हा गर्दी असते, पण समाधी फुलांनी भरलेली बघायची तर तोच दिवस. आणखी एक दिवस हाताशी असेल तर थांग तालुक्यात बेथून-कोटणीस स्मारक आहे, गाडी ठरवून जा. कोटणिसांचा शेवट त्याच भागातल्या गावात झाला. सोलापूरकरांना भैया चौकातलं घर ठाऊक असेलच.

परतताना मी मेट्रोत उलट्या दिशेला बसलो. पुढच्याच स्टेशनला चूक कळली, उतरलो, पाटी वाचली: 'हपिंग यीयुआन', शांतता रुग्णालय. युद्धात डोंगरातल्या खेड्यांतून चालणारं बेथून यांच्या नावाचं तेच रुग्णालय आता इथे आहे. वर जाऊन पाहिलं. रविवार असूनही माणसांची ये-जा चालू होती, एक बाई कडेवरच्या मुलाला औषधाची बाटली हलवून दाखवत होती. पाच मिनिटं उभा राहिलो आणि खाली येऊन या वेळी पाटी दोनदा वाचून गाडीत बसलो.