७ मीटरचा रस्ता, ७० मिलिमीटरचा उतार

नागपुरात ले-आउटमधल्या सिमेंट रस्त्यांबद्दल तक्रार एकच असते: पाणी घरात येतं. दोष सिमेंटला दिला जातो, पण बहुतेक वेळा चुकलेल्या असतात लेव्हल. आम्ही ही कामं करतो तेव्हा पहिला दिवस खोदायचा नसतो, ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (तिच्यासोबतची खुणांची उभी पट्टी) घेऊन फिरायचा असतो. दोन्ही बाजूंच्या फाटकांचे उंबरे, नालीचा तळ, चेंबरची झाकणं, सगळ्यांच्या लेव्हल आधी घ्यायच्या. रस्त्याची कड सगळ्यात खालच्या उंबऱ्यापेक्षा खालीच हवी. तिथून मागे मोजत यायचं आणि किती खोदायचं ते ठरवायचं. जुन्या डांबरावरच २०० मिमी काँक्रीट टाकलं की पुढचं सगळं फुकट.

आडवा उतार, म्हणजे कॅम्बर, सिमेंट रस्त्याला १.७ ते २ टक्के देतात. पातळ डांबरी थराला २ ते २.५, मुरूम-खडीच्या रस्त्याला २.५ ते ३. पृष्ठभाग जितका खरखरीत आणि पाणी मुरवणारा, तितका उतार जास्त. ७ मीटर रुंदीत मध्यरेषेपासून कड ३.५ मीटर, म्हणून २ टक्क्यांनी ७० मिमीचा फरक. एकाच बाजूला उतार दिला तर तो १४० मिमी होतो आणि सगळं पाणी एकाच रांगेतल्या घरांकडे जातं. तासाला ५० मिमी पाऊस धरा: १०० मीटर लांबीत उतार दोन्हीकडे असला तर एका बाजूला तासाला १७,५०० लिटर, एकाच बाजूला असला तर ३५,००० लिटर. नाली एकाच बाजूला असली तरच आम्ही तसा उतार देतो.

हे ७० मिमी शेवटच्या थरात आणू नयेत. आणले तर काँक्रीट मध्ये जाड, कडेला पातळ होतं, आणि चाकाच्या भाराचा ताण कडेलाच जास्त येतो. उतार खालच्या मुरमापासूनच द्यायचा, म्हणजे वरचे थर सारख्या जाडीचे राहतात. इथल्या काळ्या मातीत याला आणखी एक कारण आहे: खालचा थर सपाट असला तर सांध्यांतून उतरलेलं पाणी तिथेच थांबतं, माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि स्लॅबखाली पोकळी होते.

अरुंद रस्त्यावर आम्ही अर्धी-अर्धी रुंदी टाकतो. लोखंडी साचे दोन्ही कडांना लेव्हलने बांधले की सरळ स्क्रीड (काँक्रीट समतल करायची पट्टी) ओढूनच उतार मिळतो आणि लांबीने जाणारा सांधा बरोबर मध्यरेषेवर, सगळ्यात उंच जागी येतो. तिथे पाणी थांबत नाही. नंतर ब्रशच्या रेघा रस्त्याच्या आडव्याच मारायच्या. लांबीने मारल्या तर पाणी रेघांतून रस्त्यानेच वाहत बसतं.

चेंबरची झाकणं गवंडी हमखास पाणसळ लावून सपाट बसवतो. ६०० मिमी झाकणाला २ टक्क्यांनी १२ मिमीचा फरक लागतो. सपाट बसवलं की एक कड ६ मिमी खाली आणि दुसरी तेवढीच वर. वरच्या कडेवर दुचाकी आदळते, खालच्या कडेत पाणी साचतं. म्हणून झाकणाची चौकट उतारावर दोरी ताणूनच बसवून घ्यायची.

नुसता आडवा उतार पुरत नाही. पाणी कडेला आलं की लांबीने वाहायला किमान ०.३ टक्के हवेत, जमलं तर ०.५. कडेचे पेव्हर ब्लॉक काँक्रीटपेक्षा वर राहिले तर बांध तयार होतो, नीट न ठोकलेल्या वाळूवर बसवले तर पहिल्या पावसात चर पडतो. नालीत पाणी सोडणारी जाळी आजूबाजूपेक्षा २० ते २५ मिमी खाली हवी. अर्थात २३ सप्टेंबर २०२३ सारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी भरली, की कॅम्बरच्या हातात काही नसतं.

वळणावर गणित बदलतं. बाहेरची कड उचलावी लागते. त्रिज्या १०० मीटर, वेग ताशी ५० किमी असेल तर वेगाचा वर्ग भागिले (२२५ गुणिले त्रिज्या), उत्तर ११ टक्के. सपाट प्रदेशात मर्यादा ७ टक्क्यांची, शहरात चौक जवळजवळ असतील तर ४ टक्क्यांची. ४ टक्के ठेवले तर टायरच्या घर्षणावर ०.१५७ इतका भार येतो आणि धरलेली मर्यादा आहे ०.१५. तिथे ४५ चा फलक लावायचा, रस्ता आणखी उचलायचा नाही. कॅम्बरमधून या एकतर्फी उतारात जाताना बाहेरची अर्धी रुंदी एका ठिकाणी पूर्ण सपाट होते. नेमका तिथेच लांबीचा उतारही नसेल तर पाण्याचा थर साचतो आणि वेगातल्या गाडीची चाकं त्यावर तरंगतात. नकाशात ही जागा आधी शोधा.

क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देणं) झाल्यावर मध्यरेषेवर टँकरचं पाणी सोडून बघतो. पाणी जिथे थांबतं तिथे खडूने घेर काढायचा. खोलगट जागी सिमेंटचा पातळ लेप देऊ नका, तो सुटतो. पुढचा उंचवटा ग्राइंडरने घासून पाण्याला वाट करून द्यायची, आणि हे बिल निघण्याआधी करून घ्यायचं.